बाहुलीचा चांदीचा परकर

वसमत
७ नोव्हेंबर २००४

श्री. रत्नपाल सटवाजी यांना, जय भीम.

वाण नाही. आधी एवढं वाचा, मग बाकीचं वाचलं नाही तरी चालेल.

काल राणीला नांदेडला नेलं होतं. पोरांच्या डॉक्टरांनी पायांचा फोटो काढायला लावला. तो उजेडात धरून मला दाखवला आणि म्हणाले, "ताई, हा मुडदूस आहे. हाडं मऊ राहिली आहेत. अंगाचा भार पडला की वाकतात." मी त्यांना पहिला प्रश्न काय विचारला असेल ते तुम्हाला कळेलच. विचारलं, हे माझ्या माहेराकडून आलंय का, माझी जनकामावशी कंबरेत वाकलेली आहे. त्यांनी मावशीचं वय विचारलं. सत्तरीची आहे म्हटल्यावर हसले. म्हणाले, "त्यांची कंबर वयानं वाकली. तुमच्या पोरीला ऊन मिळालेलं नाही."

मीसुद्धा हसले. हिंगोली जिल्ह्यात ऊन कमी पडलं असं सांगणारा पहिलाच माणूस मला भेटला. आपल्याकडे उन्हाळ्यात कावळा चोच वासून बसतो, आणि माझ्या लेकीला म्हणे ऊन नाही. पण ते एकेक विचारत गेले तसं माझं हसू गेलं. मी सकाळी शाळेत जाते ती संध्याकाळी घरी येते. घर हळदीच्या गोदामामागच्या बोळात. दिवसभर राणी तुमच्या आईजवळ, आणि तुमच्या आईचं पालुपद एकच, "गोरी हाय माही नात, उन्हात काळी पडंल." त्यात बोळातून ट्रक जातात, म्हणून दाराला कडी. पोरगी चार वर्षं सावलीत वाढली. खायला म्हणाल तर अंडं नको, दूध नको, चहात बुडवलेलं बिस्कीट तेवढं पाहिजे.

डॉक्टरांनी समजावलं ते असं, की अंगावर ऊन पडलं की कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं. ते नसलं तर खाल्लेलं कॅल्शियम अंगाला लागत नाही, हाडं कच्ची राहतात. आता त्यांनी त्याच जीवनसत्त्वाच्या पुड्या दिल्यात. आठवड्याला एक, दुधातून. शिवाय सकाळचं ऊन द्यायचं. सहा महिन्यांनी परत फोटो. पाय सरळ होतील म्हणाले, ऑपरेशन करावं लागू नये म्हणाले. 'लागू नये' म्हणाले, 'लागणार नाही' असं नाही म्हणाले. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागलाय. आज पहिली पुडी दिली आणि सकाळपासून उठून उठून तिचे पाय बघतेय. एका पुडीनं काय दिसणार आहे, पण राहवत नाही.

माझ्या माहेरच्या त्या लग्नाच्या मांडवात, राणीचे वाकलेले पाय दाखवत, चार माणसांसमोर तुम्ही म्हणालात, "हिच्या घरचाच वाण हाय." जनकामावशी पंगतीत बुंदी वाढत होती. तिचा हात तिथंच थांबला, ते तुम्ही पाहिलं नाही, मी पाहिलं. परतताना वारंगा फाट्यावर मी म्हटलं, बसमध्ये माझ्या शेजारी बसू नका, तर तुम्ही बसमध्येच चढला नाहीत. सांगलीला निघालेला हळदीचा ट्रक थांबवलात आणि गेलात. बरं केलंत. पुड्या द्यायला मी एकटी पुरेशी आहे.

आजच्या पुडीचं रिकामं पाकीट सोबत ठेवलंय. त्यावरचं नाव वाचा. माझ्या माहेरचं नाव त्यावर कुठंही छापलेलं नाही.

शिला

ता. क. तुमच्या आईला यातलं काही सांगितलेलं नाही. दर रविवारी त्या विहारात वंदनेला गेल्या की मी पुडी देत जाईन. त्यांना कळलं म्हणजे बोळभर कळलं, आणि मग पोरीच्या नावामागे मुडदूस कायमचा चिकटला. तुम्हीही कळवू नका.


वसमत
१९ डिसेंबर २००४

राणीच्या बाबांना, जय भीम.

पत्राचं उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी लिहितेय, कारण शाळेत कुणाशी बोलता येत नाही आणि घरात बोलायला तुमची आई आहे.

सकाळी शाळेआधी मी राणीला रेल्वे स्टेशनवर नेते. फलाटावर ऊन लवकर येतं. फ्रॉक गुडघ्यावर घेऊन तिला बाकावर बसवते. गाडीची वाट बघणाऱ्या बायका विचारतात, कुठं जायचं? राणी सांगते, "आमी ऊन खायला आलो." तुमच्या आईनं यावर दोन दिवस अन्न सोडलं होतं. "लोकायच्या पोरी सावलीत ठिवतेत अन् ही बाई पोरगी वाळवून राहिली," असं शेजारणीला सांगत होत्या, मला ऐकू जाईल इतपत हळू. तिसऱ्या दिवशी जेवल्या.

पाय सुधारताहेत की माझ्या डोळ्यांना तसं दिसतंय, कळत नाही. भिंतीला पाठ लावून उभी करते, गुडघ्यांमधून हात घालून बघते. कधी वाटतं फट कमी झाली, कधी वाटतं तेवढीच आहे. एकदा मनात आलं, आठवड्यात दोन दिल्या तर लवकर होईल का? पुडी हातात घेतलीही होती. मग डॉक्टरांचा चेहरा आठवला आणि परत ठेवली.

पण आता दुसरंच काहीतरी सुरू झालंय. राणी जेवत नाही. चार घास झाले की तोंड फिरवते. सारखं पाणी मागते, आणि अंथरूण ओलं करते, जे तिनं कधीच सोडलं होतं. दोन-दोन दिवस पोट साफ होत नाही. तुमची आई म्हणते दृष्ट लागली, फलाटावर सगळं जग बघतं म्हणून. इथल्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं. मला काहीच पटत नाही. वर्गात पोरांना पाढे म्हणायला लावते आणि माझं मन घरी असतं.

एक गंमत सांगते, म्हणजे सगळं पत्र रडगाणं होणार नाही. तुमच्या आईनं राणीच्या चिंध्यांच्या बाहुलीला चांदीचा परकर शिवलाय. कुठूनसे चकचकीत कागद जमवलेत, चहाच्या पुड्यांचे असतील नाहीतर गुटख्याचे, आणि एकाला एक जोडून घेरदार शिवलाय. राणी बाहुलीला घेऊनच झोपते. म्हातारीचा हात अजून बराबर चालतो, हे मानलं पाहिजे.

तुमचा तो पुंजाजी ट्रकवाला हल्ली फार फेऱ्या मारतो. येतो, आईच्या हातात सांगलीचा गूळ ठेवतो, माझ्याकडे न बघता जातो. तुम्हाला आईसाठी गूळ आठवतो, लेक आठवत नाही, असं मी म्हणणार होते. नाही म्हणत.

तुमचा निळा शर्ट खुंटीला होता, धूळ बसली म्हणून धुऊन ठेवलाय. दुसरं काही कारण नाही.

शिला


नांदेड, दवाखान्यातून
११ जानेवारी २००५

राणीच्या बाबांना,

हे पत्र पुंजाजीच्या हातानं पाठवतेय. तुमच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात फोन लावला होता, "गाडीवर गेलेत" एवढंच सांगतात. निरोप ठेवलाय, पण मिळेल याचा भरवसा नाही. म्हणून हेही. वाचलं की वाचल्या जागेवरून दवाखान्यात फोन करा. नंबर खाली दिलाय.

परवा राणीला उलट्या सुरू झाल्या. पाणीसुद्धा पोटात राहीना. हाक मारली तर डोळे उघडायची आणि परत मिटायची. रिक्षानं स्टँडवर, तिथून बसनं इथं आणलं. रक्त तपासलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "पुड्या किती दिल्या?" म्हटलं, तुम्ही सांगितल्या तेवढ्याच. त्यांनी परत विचारलं, "ताई, मी रागावणार नाही. खरं सांगा. रक्तात कॅल्शियम इतकं चढलंय की आठवड्याच्या एका पुडीनं हे होतच नाही. हे औषध जास्त झालं तर लघवीवाटे निघून जात नाही, अंगात साठतं. मग कॅल्शियम हाडं सोडून किडनीत जाऊन बसतं." मी राणीची शपथ घेतली. त्यांचा विश्वास बसला नाही. मला त्यांचा इतका राग आला की बाहेर येऊन जिन्यात बसले. मीच दिलं, मीच मोजून दिलं, आणि हा माणूस मला खोटी ठरवतोय.

दुपारी तुमच्या आई आल्या. भाकरी आणली, बाहुली आणली. राणीनं बाहुली छातीशी घेतली आणि तिच्यावरच उलटी केली. मी बाहुली नळाखाली धरली. परकर भिजून उलटा झाला. आतल्या बाजूला अक्षरं होती. एका कागदावर होती, दुसऱ्यावर होती, सगळ्या घेरावर तेच नाव. तुम्हाला मी जे पाकीट पाठवलं होतं, त्याच्यावरचं.

मी ओला परकर घेऊन तुमच्या आईसमोर उभी राहिले. विचारलं, हे कागद कुठले?

"काहून? माह्या लेकानं धाडलंय औषद. पोरीच्या पायासाठी. पुंजाजी आणून देतो गुळासंगं."

"तुम्ही राणीला दिलं हे?"

"मंग? सांच्याला दुधात कालवून देते. साखर टाकली की पेते. तुला सांगू नको म्हनला रत्नपाल, तू फेकून देशीन म्हून."

"रोज?"

"रोज न्हाई तं काय? औषद रोजच असतंय. आठवड्यातून एकदा जेवतंय का कोनी?"

मी तिथंच फरशीवर बसले. तुमच्यावर ओरडायचं होतं, तुम्ही इथं नाही. त्यांच्यावर ओरडायचं होतं, पण काय म्हणून ओरडू? त्यांना वाचता येत नाही. जी पुडी मी त्यांच्यापासून चोरून ठेवली, तीच पुडी तुम्ही माझ्यापासून चोरून त्यांच्याकडे पाठवली, आणि त्या तुमचं ऐकून, नातीचं चांगलं व्हावं म्हणून देत राहिल्या. त्यांना मी सांगितलं तेव्हा आधी कळलंच नाही. मग कळलं. तेव्हापासून खाटेच्या पायाशी बसल्यात, कुणाशी बोलत नाहीत. पदरानं राणीचे तळवे पुसतात.

डॉक्टरांनी परकर सुटा करून कागद बघितले. पण आई म्हणतात, काही कागद चुलीत गेले. म्हणजे त्यावरून पुरतं कळत नाही. डॉक्टरांना दोन गोष्टी पाहिजेत, तुम्ही एकूण किती पुड्या पाठवल्या आणि पहिली कधी पाठवली. त्यावरून ते ठरवणार, किती दिवस सलाईन, कुठली औषधं, किडनीसाठी पुढं कुठं न्यायचं का.

मला तुमचं स्पष्टीकरण नको. पाठवल्या काहून, चोरून काहून, ते नको. आकडा सांगा. कमी करून सांगू नका, मला बरं वाटावं म्हणून नाही आणि तुम्हाला वाचवायचं म्हणूनही नाही. माझ्या पोरीचा जीव त्या आकड्यावर आहे.

शिला


नांदेड
१६ जानेवारी २००५

राणीच्या बाबांना, जय भीम.

तुम्ही समोर होतात तेव्हा बोलले नाही, आणि गेल्यावर लिहायला बसले. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे.

फोन येईल म्हणून मी काउंटरजवळ उभी होते आणि तुम्ही जिन्यातून वर आलात. अंगावर प्रवासाचा शर्ट, दाढी वाढलेली. माझ्याकडे न बघता डॉक्टरांच्या खोलीत गेलात. दार उघडंच होतं. तुम्ही आकडा सांगितलात तो मी बाहेरून ऐकला. मोठा होता. डॉक्टरांनी तो लिहून घेतला. मग तुम्ही म्हणालात, "साहेब, तिची आई एक देती, म्हनलं बापाची बी एक जावी. पोरगी लवकर चालंल. रोज देतील हे माह्या ध्यानातच न्हाई आलं." डॉक्टरांनी विचारलं, "मग घरी सांगितलं का नाही, किती द्यायच्या ते?" तुम्ही म्हणालात, "घरी बोलनं न्हाई ना साहेब."

त्यावर ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "तुमच्या घरात औषध जास्त झालंय आणि बोलणं कमी पडलंय. औषधाचं मी बघतो."

तुम्ही रात्रीच्या गाडीनं परत गेलात म्हणून पुढचं कळवते. कॅल्शियम उतरतंय. काल राणीनं स्वतःहून भाकरीचा तुकडा मागितला. किडनीवर सूज आहे असं सोनोग्राफीत दिसलं, पण डॉक्टर म्हणतात वेळेत सापडलं, भरून निघेल. पुड्या बंद. दूधही सध्या बंद, आणि काही महिने ऊनसुद्धा बेतानं. ऊन बंद म्हटल्यावर तुमच्या आई चार दिवसांत पहिल्यांदा बोलल्या, "म्या काय म्हनत व्हते?" मी हसले तर त्यांना रडू आलं. मग आम्ही दोघी रडलो. बाजूच्या खाटेवरच्या बाईला वाटलं पोरगी गेली, ती धावत आली.

जनकामावशी भेटायला आली तेव्हा तुम्ही स्टूल सोडून उठलात, ते मी पाहिलं. तिला हात धरून बसवलंत. तोंडानं काहीच म्हणाला नाहीत. मावशी मला नंतर म्हणाली, "जाऊ दे गं, लेकरासाठी आलं ना पोरगं." तिचं मन मोठं आहे. माझं तेवढं नाही. जे मांडवात बोललं ते स्टुलानं परत घेता येत नाही.

तरी तुम्ही आकडा खरा सांगितलात. पुंजाजी सांगत होता, निरोप मिळाला तशी तुम्ही अर्ध्या वाटेत गाडी दुसऱ्याच्या हाती देऊन नांदेडची बस धरली. हे त्यानं सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. मला रागावून राहायला सोपं गेलं असतं.

शिला


वसमत
९ ऑक्टोबर २००५

राणीच्या बाबांना, जय भीम.

काल परत नांदेडला जाऊन आलो. मी, राणी आणि तुमच्या आई. आईंनी डॉक्टरांसाठी गोदामातून निवडून हळकुंडं नेली होती. ते घेईनात, तर टेबलावर ठेवून बाहेर येऊन बसल्या.

नवा फोटो जुन्याशेजारी लावून दाखवला. पाय भरलेत. पूर्ण सरळ नाहीत, डावा अजून थोडा बाहेर जातो. डॉक्टर म्हणाले, वाढत्या वयात तोही येईल, ऑपरेशनची गरज नाही. मी विचारलं, 'लागणार नाही' की 'लागू नये'? ते म्हणाले, लागणार नाही. मला ते शब्द त्यांच्याकडून परत ऐकायचे होते. परत विचारलं. परत सांगितलं. रक्त ठीक आहे, किडनी ठीक आहे. तरी आज सकाळी राणीनं पाण्याचा दुसरा पेला मागितला आणि मी जाऊन तिचं अंथरूण चाचपून बघितलं. हे माझं कधी जाणार कोण जाणे.

आता येणाऱ्या थंडीपासून परत पुडी सुरू करायची आहे. महिन्याला फक्त एक. मी म्हटलं, नको, मला भीती वाटते. डॉक्टर म्हणाले, "भीती पुडीची नाही ताई. पुडीनंच पोरीची हाडं भरली. एकानं द्यायची, बाकीच्यांना माहीत पाहिजे, बस." बसमध्ये मी तेच घोकत होते. एकानं म्हणजे कुणी? मी शाळेत, आई घरात, तुम्ही सांगलीत. कोण कधी कुणाला काय सांगणार?

तोडगा तुमच्या आईनं काढला. माझं घोकणं ऐकून म्हणाल्या, "पुनवेला देऊ. विहारात. वंदना झाली की खीर वाटतेत, तवा समद्यायसमोर पोरीला दूध पाजू. पुनव महिन्याला एकच येती. कोनी चोरून दुसरी पुनव आनंल का?" ज्या बाईपासून बोळभर होईल म्हणून मी लपवलं, तिनंच बोळभर करायचा उपाय सांगितला. आणि बरोबर होता. ज्याची गोष्ट सगळ्यांना माहीत, तिच्यात कुणाचा हात चोरून जात नाही. राणीच्या नावामागे मुडदूस चिकटला तर चिकटू दे. ती पळायला लागली की आपोआप सुटेल.

काल रात्री आईंनी बाहुलीला नवा परकर शिवला, माझ्या जुन्या पातळाचा, पांढरा. राणीला तो पसंत नाही. तिला चांदीचाच पाहिजे. तिला सांगितलं, महिन्याला एक कागद मिळेल, जमवत जा.

सोमवारी, १७ तारखेला, आश्विन पौर्णिमा आहे. पहिली पुडी त्या दिवशी. दूध मी आणणार, खीर आई करणार. आदल्या दिवशी, रविवारी, मी आणि राणी माहेरी जाऊन जनकामावशीला घेऊन येणार आहोत. परतताना वारंगा फाट्यावर दुपारची बस आम्हाला मिळेल. तुम्ही फाट्यावर उभे राहा. मावशी बसमध्ये असेल. तिला जे मांडवात ऐकावं लागलं, ते परत घ्यायचं असेल तर तोंडानं घ्या, बसमधल्या माणसांना ऐकू गेलं तरी चालेल. मांडवातल्या माणसांनाही ऐकू गेलंच होतं.

ते झालं की बसायला जागा आहे. माझ्या शेजारची, खिडकीकडची. राणी तिथं बाहुली ठेवून जागा धरील.

निळा शर्ट धुतलेलाच आहे. तो आणायची गरज नाही, घरीच आहे. पुडी तेवढी तुम्ही आणा.

एकच.

शिला